तसबिरीखाली एक ओळ हवी

जुलै उजाडला की कान्होजी आंग्र्यांच्या तसबिरीवरून वाद पेटतो. ४ जुलै ही मराठी आरमाराच्या या सरखेलाची, म्हणजे प्रमुखाची, पुण्यतिथी. त्या आठवड्यात फोनवर एकच चित्र फिरत राहतं. कुणीतरी त्याची मोठी कॅनव्हास प्रिंट काढून शाळेला नाहीतर पतपेढीला भेट देतं, हार घातला जातो, फोटो निघतात, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘हे चित्र खरं आहे का हो?’ इथून पुढचं सगळं ठरलेलं. एक बाजू म्हणते, अस्सल चित्र नाही तर लावूच नका, इतिहासाची थट्टा चालवलीय. दुसरी म्हणते, तुम्हाला मराठी आरमाराचं वावडंच आहे, भावना बघा, पुरावे कसले मागता? दोन दिवस एकमेकांच्या बुद्धीचा आणि जातीचा उद्धार होतो. चित्र मात्र होतं तिथेच राहतं, आणि त्याच्याखाली काहीही लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कान्होजींची तसबीर छापावी, विकावी, भिंतीवर लावावी. ती कल्पनेने काढलेली असली तरी लावावी. पण ती काल्पनिक आहे, कुणी काढली, कोणत्या साली, कशाच्या आधाराने, हे चित्राखाली वाचता येईल अशा अक्षरांत छापलेलं असलं पाहिजे. ती ओळ नसेल तर चित्र कितीही देखणं असो, निदान शाळेत ते लागता कामा नये. आणि सरकारने कुठलाही एक चेहरा ‘अधिकृत’ म्हणून जाहीर करू नये. दोन्ही बाजूंना ही भूमिका पळपुटी वाटेल, हे मला माहीत आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट बघू. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात अशी एक प्रिंट आहे. दोन फूट बाय तीन फूट, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली, वरून मॅट वार्निश. कान्होजी जहाजाच्या कठड्याशी उभे आहेत. डावा हात तलवारीच्या मुठीवर, उजव्या हातात दुर्बीण, पागोट्यावर मोत्यांचा तुरा, भुवया आक्रसलेल्या. जुन्या तैलचित्राला पडतात तशा बारीक भेगा सगळीकडे दिसतात, पण हात फिरवला तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. भेगासुद्धा छापलेल्याच! मागच्या बाजूला एक ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ चिकटवलेलं आहे. शाई पिगमेंटची आहे, कॅनव्हास आम्लरहित आहे, रंग कित्येक दशकं उडणार नाहीत, असं त्यावर लिहिलंय. म्हणजे अस्सलपणाची हमी आहे, पण ती शाईच्या अस्सलपणाची. चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही, आणि चित्रकाराचं नाव पुढे नाही की मागे नाही.

आणखी एक गोष्ट या प्रिंटमध्ये आहे, तिच्याकडे भांडणाऱ्यांपैकी कुणाचंच लक्ष जात नाही. पाठीमागचं जहाज. तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडं आणि कुशीला तोफांच्या खिडक्यांच्या दोन रांगा. ही सरळसरळ युरोपीय युद्धनौका आहे. आंग्र्यांचं बळ होतं गुराबांमध्ये आणि गलबतांमध्ये. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पाण्यात थोडीच बुडणारी, नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लांब काढलेली नौका. तिच्या मोठ्या तोफा पुढच्या तोंडाला बसवलेल्या असत आणि मारा समोर होई. गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, वारा पडला तरी चालणारी. वारा पडून इंग्रजांचं मोठं जहाज जागीच डुलत राहिलं की गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेत आणि मग मारा सुरू होई. अंगाशी आलं तर उथळ खाडीत शिरायचं, तिथे मोठ्या जहाजाला पाठलाग करता येत नसे. हे सगळं डावपेचांचं शहाणपण पुसून आपण कान्होजींना उभं केलं कुठे, तर शत्रूच्या जहाजावर. १९९९ साली टपाल खात्याने मराठा आरमाराच्या स्मरणार्थ तिकीट काढलं, त्यावर कुणाचा चेहरा नव्हता. साधारण १७०० सालच्या एका चित्रातली, कान्होजींच्या आरमारातली गुराब होती. एका सरकारी खात्याला जे सुचलं ते पन्नास छपाईवाल्यांना सुचत नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं.

आता तसबिरीच्या बाजूने जे बोलतात, त्यांचे मुद्दे हलके नाहीत. त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की चेहरे उरणं हासुद्धा सत्तेचा खेळ आहे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. इंग्रजी आरमाराचा प्रमुख होता कमोडोर थॉमस मॅथ्यूज. मोहीम सपशेल फसली. या मॅथ्यूजचं तैलचित्र आज ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. हरलेल्याचा चेहरा उरला, हरवणाऱ्याचा नाही. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांच्याच संगनमताने, इंग्रज ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गाखाली कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार जाळलं. त्या वॉटसनचं स्मारक लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये उभं आहे, त्यावर विजयदुर्ग घेतल्याची तारीख कोरलेली आहे. ज्यांची जहाजं जळली त्यांच्या वंशजांनी एखादं चित्र कल्पनेने काढून घेतलं, तर त्यांच्याकडे पुराव्याची पावती मागणं जरा निर्लज्जपणाचंच नाही का? चित्रकार समोर बसवायला निवांतपणा लागतो, दरबार लागतो, एखादा परदेशी चित्रकार वाट वाकडी करून यावा लागतो. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स पुण्यात आला म्हणून नाना फडणवीसांचा निमुळता, चिंताक्रांत चेहरा आपण ओळखतो. कान्होजी १७२९ सालीच गेले. त्यांना समोर बसवून काढलेलं म्हणून सिद्ध झालेलं चित्र आपल्याकडे नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

दुसरा मुद्दा चाचेगिरीचा. कान्होजी गेल्यानंतर आठच वर्षांनी, १७३७ साली, त्यांच्याविरुद्धच्या मोहिमांवर असलेल्या एका इंग्रज खलाशाने पुस्तक छापलं आणि त्यात आंग्र्यांना सरळ ‘पायरेट’ ठरवलं. पुढची दोनशे वर्षं इंग्रजी लिखाणात तोच शिक्का चालला. त्यांच्याकडे छापखाना होता, आपल्याकडे नव्हता. मग आता छपाई आपल्या हातात आली असताना आपण आपला सरखेल रुबाबात छापला तर बिघडलं काय? तिसरा मुद्दा शाळेतल्या बाईंचा. पाचवीच्या पोराला सनावळ्या सांगून आरमार कळत नाही, त्याला माणूस दिसावा लागतो. हेही खरं. भिंतीवर चित्र नसेल तर त्या पोराच्या डोक्यात समुद्रावरचा योद्धा म्हणून परदेशी सिनेमातला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला चाचाच येऊन बसणार.

तसबीर लावावी, या निष्कर्षापर्यंत हे मुद्दे मला घेऊन जातात. खालची ओळ गाळावी, इथपर्यंत मात्र नेत नाहीत. वॉटसनच्या स्मारकाचंच बघा. त्यात वॉटसनच्या अंगावर रोमन टोगा आहे. हातात ताडाची फांदी, एका बाजूला कलकत्ता शहराचं प्रतीक म्हणून गुडघे टेकलेली मूर्ती, दुसऱ्या बाजूला साखळदंडातला कैदी. कोकणातल्या उन्हात टोगा नेसून कुणी तोफा डागल्या नाहीत, हे तिथे येणाऱ्या कुणालाही न सांगता कळतं. त्या स्मारकाचा अहंकार तुम्हाला खुपेल, मलाही खुपतो. पण ते बघणाऱ्याला फसवत नाही. आपली रचना रचना म्हणूनच मिरवतं. आमच्या प्रिंटमधल्या छापील भेगा मात्र फसवण्यासाठीच आहेत. ‘मी जुनी आहे, मला कुठल्याशा वाड्यात कुणीतरी जपून ठेवलं होतं,’ असं ती प्रिंट न बोलता सांगते. माझा आक्षेप कल्पनेवर नाही, तो या भेगांवर आहे.

आणि चाचेगिरीच्या आरोपाला ही तसबीर काय उत्तर देते? आक्रसलेल्या भुवया, तलवारीवर हात, वादळी आकाश. इंग्रजाने शब्दांत जो दरोडेखोर रंगवला होता तोच आपण रंगांत रंगवला, फक्त खाली हार घातला. खरं उत्तर दुसरीकडे आहे. कान्होजी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देत. दस्तक घेतलं, जकात भरली, तर जहाजाला त्रास नाही. दस्तक नसेल तर जहाज पकडलं जाई. पोर्तुगीज हेच सोळाव्या शतकापासून कार्ताझच्या नावाने करत आले होते आणि त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. इंग्रजांचं दुखणं एवढंच, की एका देशी सत्तेने त्यांच्याकडे परवाना मागावा. कान्होजींनी त्यांच्यावर चालून आलेल्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं आणि नंतर १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांशी तह करून शाहूंचं सरखेलपद घेतलं. इंग्रजांशीही तह केला. तह करणारा, परवाने देणारा, किल्ले आणि गोद्या सांभाळणारा माणूस म्हणजे राज्यकर्ता. तो दाखवायचा तर एखाद्या चित्रात त्याच्यापुढे कागद ठेवा, कारकून बसवा, दस्तकासाठी ताटकळलेला कंपनीचा माणूस दाखवा. पण असं चित्र अजून कुणी छापत नाही, कारण बाजारात तलवार खपते, दस्तक खपत नाही.

आता पुराव्यावाल्यांकडे वळतो, कारण त्यांचाही एक भ्रम आहे. त्यांना वाटतं की अस्सल चित्र म्हणजे जिवंत माणसासमोर बसून काढलेलं चित्र आणि तसं एकदा मिळालं की प्रश्न मिटला. जगात सर्वात जास्त वेळा छापला गेलेला आरमारी सेनापती बहुधा होरेशिओ नेल्सन असेल, त्याचं उदाहरण घेऊ. रिगो नावाच्या चित्रकाराने त्याचं चित्र १७७७ साली सुरू केलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा लेफ्टनंट होता. मध्येच तो समुद्रावर गेला. चार वर्षांनी कॅप्टन होऊन, तापाने खंगून परत आला. चित्रकाराने जुन्याच कॅनव्हासवर नवा चेहरा चढवला, बाहीवर कॅप्टनची पट्टी काढली आणि मागे मधल्या मोहिमेतला सान हुआनचा किल्ला उभा केला. एकाच चित्रात दोन वयांचा, दोन हुद्द्यांचा नेल्सन. १७९७ मध्ये तेनेरीफला उजवा हात गमावून तो परतला, तेव्हा ॲबट या चित्रकाराने त्याला समोर बसवून चेहऱ्याचं रेखाटन केलं. त्यावरून पुढे चाळीसच्या आसपास प्रती निघाल्या. नाईलच्या लढाईनंतर तुर्की सुलतानाने दिलेला हिऱ्यांचा तुरा नंतरच्या प्रतींत हॅटवर चढला. माणूस पुन्हा चित्रकारासमोर बसला नव्हता, पण पदकं वाढत गेली. आणि ती प्रसिद्ध डोळ्यावरची पट्टी? १७९४ साली कॅल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली हे खरं, पण पट्टी त्याने कधी बांधलीच नाही. ती लोकांनी बांधली. समोर बसलेल्या, डझनावारी चित्रं असलेल्या माणसाची ही गत!

त्याच्या मृत्यूची चित्रं तर या वादासाठी पाठ करून ठेवावीत अशी आहेत. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गारला गोळी लागल्यावर नेल्सनला जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखालच्या अंधाऱ्या, बुटक्या जागेत नेलं आणि तिथेच तो मेला. बेंजामिन वेस्टने १८०६ साली चित्र काढलं त्यात तो वर डेकवर, उजेडात, शेकडो माणसांच्या गराड्यात मरतो. सामान्य माणसासारखा मरणारा नायक बघून कुणाचं रक्त सळसळणार, असा वेस्टचा युक्तिवाद होता. आर्थर डेव्हिस दुसऱ्या टोकाचा. तो प्रत्यक्ष नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर गेला, तिथे राहिला, हजर असलेल्या माणसांना भेटला, रेखाटनं केली. एवढं करून १८०७ साली त्याने जे चित्र पूर्ण केलं त्यात जहाजाचं छत खऱ्यापेक्षा उंच आहे, कारण खऱ्या उंचीत माणसं नीट उभीच राहिली नसती. यातलं कुठलं चित्र जाळायचं? इंग्रजांनी एकही जाळलं नाही. दोन्ही टिकली, दोन्हीच्या प्रती छापल्या गेल्या. पण वेस्टचं चित्र वेस्टच्या नावाने ओळखलं जातं आणि डेव्हिसचं डेव्हिसच्या. म्हणूनच आज कुणीही दोन्ही शेजारी ठेवून विचारू शकतो, की याने असं का दाखवलं आणि त्याने तसं का. आमच्या कान्होजींच्या प्रिंटला हा प्रश्न विचारायचा तर विचारायचा कुणाला?

इथे एक हमखास प्रश्न येतो. देवांचे फोटो कुणी काढले होते? रविवर्म्याने लक्ष्मीला, सरस्वतीला चेहरा दिला, घराघरांत तोच पुजला गेला, मग कान्होजींच्याच बाबतीत ही चिकित्सा कशाला? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर त्या जुन्या छापील चित्रांच्या तळाशी सापडतं. रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफवर खाली प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळे हे ठिकाण छापलेलं असे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला, त्याच्या चित्रांवरही छापखान्याचं नाव असे. काही आण्यांना विकली जाणारी ती चित्रं. बाजारू म्हणून त्यांना नाकं मुरडली गेली. पण आज अभ्यासक सांगू शकतात की अमुक देवीचा अमुक चेहरा कोणत्या काळात, कुणाच्या हातून, कुठल्या छापखान्यातून आला. काही हजार रुपये मोजून घेतलेली आजची फाईन आर्ट प्रिंट तेवढंही सांगत नाही. शिवाय लक्ष्मीच्या चेहऱ्याचा पुरावा उद्या एखाद्या दप्तरात सापडेल अशी शक्यता नाही. कान्होजींचा सापडू शकतो. लिस्बनमध्ये, हेगमध्ये, लंडनमध्ये, एखाद्या खाजगी कागदपत्रांच्या रुमालात.

तसं सापडतं तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवलंय. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र पूर्वी छापलं जात होतं, ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं. शाळांत, सभांत, पुस्तकांत तेच फिरत होतं, त्याला हार घातले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी चित्रांचा माग काढला, व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातलं महाराजांचं चित्र शोधलं आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवलं. कुणाच्या भावना दुखावल्या का? महाराजांबद्दलचा आदर तसूभर तरी कमी झाला का? उलट आज बेंद्र्यांचं नाव घेतलं की लोकांना आधी हेच काम आठवतं. आणि त्यांना ते करता आलं, कारण जुन्या चित्रांना काहीतरी पत्ता होता. कोणत्या पुस्तकातून कोणत्या पुस्तकात आलं, मूळ मथळा काय होता, हे उलट चालत जाऊन तपासता आलं. आजची फोनवर फिरणारी चित्रं उद्याचा बेंद्रे कशावरून तपासणार? गेल्या दोन-तीन वर्षांत तर संगणकाला चार शब्द दिले की तो अर्ध्या मिनिटात एक ‘जुना’ कान्होजी काढून देतो, जिरेटोपासकट. सरखेलाच्या डोक्यावर जिरेटोप कुठून आला, हे विचारायला समोर माणूसच नाही.

यावर काहीजण म्हणतात, मग सरकारनेच एक समिती नेमून एक चित्र ठरवून टाकावं, कटकट मिटेल. या सूचनेला मी सर्वात जास्त घाबरतो. कोरियात हे झालेलं आहे. यी सुन-सिन हा तिथला आरमारी सेनापती, सोळाव्या शतकाच्या अखेरीला जपानी स्वारी समुद्रावर रोखणारा. १५९७ साली तेरा जहाजांनिशी शंभराहून अधिक जपानी जहाजांना तोंड दिलेला, १५९८ साली शेवटच्या लढाईत गोळी लागून मेलेला. त्याचं हयातीतलं चित्र उरलेलं नाही. त्याला जवळून ओळखणाऱ्या एका मंत्र्याने मात्र लिहून ठेवलंय, की तो कमी बोलायचा, कमी हसायचा आणि दिसायला एखाद्या सौम्य पंडितासारखा होता. १९५३ साली चांग उ-सोंग या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं आणि १९७३ साली सरकारने तेच ‘प्रमाण चित्र’ ठरवलं. पुढे तोच चेहरा १०० वॉनच्या नाण्यावर गेला, म्हणजे प्रत्येकाच्या खिशात. मग २००९ साली तिथल्या एका संशोधन संस्थेने जपानी राजवटीशी हातमिळवणी केलेल्यांचा कोश प्रसिद्ध केला, त्यात या चित्रकाराचं नाव निघालं. जपान्यांशी लढून मेलेल्या माणसाचा अधिकृत चेहरा जपान्यांशी सहकार्य केल्याचा ठपका असलेल्या हातांनी काढलेला! चित्र रद्द करा, नाणं बदला, अशी मागणी तेव्हापासून चालू आहे. चित्र साधं चित्र राहिलं असतं तर शेजारी दुसरं लावून भागलं असतं. सरकारी शिक्का बसल्यामुळे ते काढणंही अपमान झालं आणि ठेवणंही.

आपल्याकडे असा शिक्का बसला तर वाद चित्रकाराच्या भूतकाळावर थांबणार नाही. नाकाच्या ठेवणीवर, कपाळावरच्या गंधावर, रंग सावळा की गोरा यावर जातीजातींच्या सभा भरतील. प्रिंटमधले कान्होजी जन्मभर कोकणच्या समुद्रावर काढलेल्या माणसाच्या मानाने बरेच गोरेपान आहेत, हे मी सहज नोंदवून ठेवतो. नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला १९५१ साली ‘आयएनएस आंग्रे’ नाव दिलं. खांदेरीच्या बेटाला आणि दीपगृहाला कान्होजींचं नाव आहे. नावाला चेहरा लागला नाही, आणि नावात कुणी खोट काढलेली नाही.

खांदेरीवरून एक आणखी माणूस आठवतो. १६७९ साली, मुंबईच्या तोंडाशी, इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून त्या बेटावर तटबंदी उभी राहिली ती मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली. रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान होड्या इंग्रजी जहाजांना चुकवून बेटावर माणसं आणि रसद पोचवत. इंग्रजांच्या कागदांत त्यांची चरफड भरपूर सापडते. या मायनाकची प्रिंट दिवाणखान्यात किती ठिकाणी दिसते? त्याच्या नावाचा वाडा नाही, मागे सरदार घराणं नाही, म्हणून तसबीरही नाही. तसबिरींच्या बाजारात कुणाला चेहरा मिळतो आणि कुणाला नाही, हे भक्तीच्या मोजमापाने ठरत नाही. चित्रं काल्पनिक आहेत हे एकदा उघडपणे मान्य केलं, तर मायनाकलाही चेहरा द्यायला कुणाची हरकत राहणार नाही. ‘अस्सल’ चित्राचं ढोंग चालू ठेवलं तर मात्र तो कायमचा वगळला जाईल, कारण त्याच्यासाठी खोटा वारसाही रचता येत नाही.

छपाईवाल्यांचा आक्षेप मी ऐकलेला आहे. खाली ‘काल्पनिक’ छापलं तर गिऱ्हाईक घेणार नाही, म्हणतात. कुणी ‘काल्पनिक’ एवढाच शब्द छापायला सांगितलाय? ‘कान्होजी आंग्रे, सरखेल. कल्पनाचित्र. चित्रकार अमुक, २०२५. वेष अठराव्या शतकातल्या मराठी सरदारांच्या लघुचित्रांवरून, नौका गुराब.’ एवढं कोपऱ्यात मावतं. ज्याला ही ओळ लिहिता येते त्याने काहीतरी पाहिलंय, वाचलंय, हे गिऱ्हाइकाला कळतं. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्याकडून भेटीदाखल द्यायची तसबीर घ्यायचीच कशाला? शाळेला चित्र द्यायचं म्हणून दहा-बारा जण वर्गणी काढतात, तेवढ्या पैशांत जे. जे. कला महाविद्यालयातून नुकतं बाहेर पडलेलं एखादं पोरगं गुराबीचा अभ्यास करून नवं चित्र काढून देईल, आणि त्याच्याखाली नाव घालायची आठवण त्याला कुणी करून द्यावी लागणार नाही.